मुलगी नाइस आहे

शिव्या देण्यात आमचा सातारा-सांगली भाग कुणाला हार जाणार नाही, पण कौतुक करायची वेळ आली की आमची जीभ एकदम जड होते. सातारचा माणूस कंदी पेढा तोंडात टाकतो, डोळे मिटतो, दुसरा उचलतो, तिसरा 'पोरांना' म्हणून रुमालात बांधतो आणि मग दुकानदाराला सांगतो, "बरा आहे." याच्यावर त्याच्याकडे विशेषण नाही. 'बरा'च्या खाली 'ठीक' आहे आणि त्याच्याही खाली 'असू द्या' आहे. पण ते बहुधा लग्नातल्या जेवणासाठी राखून ठेवलेलं असतं. सांगलीकर त्या मानाने सढळ. सांगलीला पोचेपर्यंत कृष्णेचं पात्र रुंद होतं, त्याचा हा परिणाम असावा. भडंग मनासारखं जमलं तर सांगलीकर खुशाल "नाद खुळा" म्हणून मोकळा होतो. अर्थात हा शब्द कोल्हापूरचा. पंचगंगा कृष्णेला मिळते ती सांगलीच्या खाली, नृसिंहवाडीला. तेव्हा तो पाण्यावाटे वर चढलेला नसून एस.टी.ने आला असणार.

मी जन्माने सांगलीचा, नोकरीने सातारचा आणि पदवीने बी.कॉम. त्यामुळे भाषेत लुडबुड करण्याचा मला तसा अधिकार नाही. वाणिज्य शाखेत विशेषणं शिकवत नाहीत. जमा ती जमा आणि नावे ते नावे. 'देखणी थकबाकी' किंवा 'सालस येणे' असं कुठल्याही खतावणीत सापडायचं नाही. बँकेत मी कारकून आहे. म्हणजे होतो. २०२४ च्या वेतनकरारापासून आम्हाला कारकून म्हणायचं नाही, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायचं. पूर्वी लोक कारकुनाशी भांडत, आता असोसिएटशी भांडतात. मुद्दे तेच आहेत.

नाही म्हणायला एक विशेषण आमच्या बँकेत फार वर्षं नांदतंय. 'चालू'. माझ्या डोक्यावर पाटीच आहे, 'चालू खाते'. मागे एकदा परळी खोऱ्यातले एक आजोबा खातं उघडायला आले. पाटीकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सायेब, चालू नको. घरात एक चुलत भाऊ चालू हाय, तेवढा बास झाला. आपलं साधं द्या एखादं." मी त्यांना बचत खातं दिलं. आता यात आजोबांचं काय चुकलं? इंग्रजी 'करंट'चा आपण 'चालू' केला, तो लॅटिनमधल्या 'धावणे' या धातूवरून आलेला. पण खातं धावायला लागलं तर व्यापार वाढतो आणि माणूस चालू झाला तर वाटणीचा दावा लागतो. एकच विशेषण, पण कुणाच्या गळ्यात पडतं त्यावर सगळं.

अशा आमच्या काटकसरी मुलखात 'नाइस' शिरलं ते मोबाइलच्या बोटाला धरून. आता ते सगळीकडे आहे. साहेबांचा नवा शर्ट नाइस, शाखेतला नवा वॉटर कूलर नाइस, त्यातून पाणी आलं तर तेही नाइस. हा शब्द फार सोयीचा आहे. तिघांच्या बाकावर जसा चौथा सरकून बसतो आणि वर म्हणतो "मला काय, जरासाच टेकतो," तसा हा कुठल्याही वाक्यात टेकतो. आमच्या एका सहकाऱ्याने बँकेच्या ग्रुपवर वडिलांच्या वर्षश्राद्धाचा फोटो टाकला. फोटोला हार, पुढे समई, केळीच्या पानावर पिंड. त्यावर सात जणांनी 'नाइस' लिहिलं. कावळ्याने काय केलं ते मला ठाऊक नाही, पण सात सहकाऱ्यांनी पिंडाला शिवून घेतलं.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. 'नाइस' माझ्या वाटेला गेलं नाही, मी त्याच्या वाटेला गेलो नाही. पण गेल्या नोव्हेंबरात ते थेट आमच्या घरात आलं.

त्याचं असं झालं. माझी थोरली बहीण सांगलीला असते, विश्रामबागेत. तिला एकच मुलगी. एम.एस्सी. झालेली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला, वय अठ्ठावीस. मुलगी म्हणाल तर हुशार, बोलायला खणखणीत, आणि भाची म्हणून सांगत नाही, पण बरी आहे. (मीही शेवटी वीस वर्षं साताऱ्यात काढली आहेत.) आधीची दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्या पाहुण्यांनी कळवलं, "मुलगी छान आहे, पण पत्रिकेचं जरा बघावं लागेल." ते आजतागायत बघताहेत. दुसऱ्यांनी कळवलं, "मुलगी चांगली आहे, पण उंचीचा विचार चाललाय." यात मुलीची उंची जास्त होती की मुलाची कमी, हे त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून ताईने विशेषणांची धास्ती घेतली होती. ती म्हणायची, "चांगलं बोलायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो रे. गाडी आली की मागनं डबे येणारच, तसा मागनं 'पण' येतो."

तिसरं स्थळ साताऱ्याचं होतं आणि ते मी सुचवलेलं. मुलगा इथल्याच एम.आय.डी.सी.त इंजिनिअर, वडील निवृत्त, आई बोलकी. रविवारी मंडळी सांगलीला गेली, पोहे झाले, गणपतीचं दर्शन झालं, "जमलं तर मे महिन्यातच उरकू" एवढं बोलणं झालं आणि मंडळी परतली. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी ताईने उपास धरला, आणि गुरुवारी सकाळी मुलाच्या वडिलांचा दाजींच्या फोनवर मेसेज आला. तीन शब्द. 'मुलगी नाइस आहे.' पुढे पूर्णविराम. पूर्णविरामाच्या पुढे काही नाही.

पाच मिनिटांत ताईचा मला फोन.

"नाइस म्हणजे काय रे?"

"नाइस म्हणजे छान."

"छान तर पहिल्यांनीही म्हटलं होतं."

"मग चांगली."

"चांगली दुसऱ्यांनी म्हटलं होतं. तू नवीन काय सांगतोयस?"

मी म्हटलं, "अगं, पण यात 'पण' कुठाय?"

"तोच येतोय मागनं," ताई म्हणाली. "उद्यापर्यंत पोचेल."

प्रश्न नुसत्या शब्दाचा असता तर मी सोडून दिला असता. पण मे महिन्यातला एकच चांगला मुहूर्त, त्या दिवशी मिळण्यासारखं एकच लॉन, आणि लॉनवाला म्हणत होता की सोमवारी दुपारपर्यंत पन्नास हजार द्या, नाहीतर दुसरी पार्टी उभीच आहे. पैसे होते, पण ताईच्या मुदत ठेवीत, माझ्याच शाखेत, आणि ठेवीची मुदत जुलैला संपत होती. आधी मोडली तर व्याजातला एक टक्का जाणार. मोडावी आणि 'पण' आला तर व्याजही गेलं आणि लॉनही गेलं. न मोडावी आणि 'पण' नाही आला तर लग्न काय आयर्विन पुलावर लावायचं? दाजी हिशेबी माणूस. ते म्हणाले, "नाइसचा पक्का अर्थ कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

तेवढ्यात भाचीने फोन घेतला. "मामा, नाइस म्हणजे पास क्लास ना? आम्ही रिपोर्टवर कधी 'नाइस' लिहीत नाही. पॉझिटिव्ह लिहितो नाहीतर निगेटिव्ह." आणि ती हसली. पण नेहमी तिचं हसणं चांगलं मिरजेपर्यंत जातं, ते त्या दिवशी विश्रामबागेतच संपलं. ते मला काही बरं वाटलं नाही.

नोव्हेंबर हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर मंडळींनी या महिन्यात आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा असतो. हल्ली फोनला चेहरा दाखवूनही तो देता येतो, पण वाईचे एक निवृत्त इंग्रजीचे शिक्षक दरवर्षी स्वतः येतात. चौऱ्याऐंशी वय, गळ्यात मफलर, हातात छत्री. ते म्हणतात, "यंत्राने मला जिवंत ठरवावं हे मला पटत नाही. तुम्ही ठरवा." वाईला ज्या कार्यालयातून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, त्याच्यावरून सर रोज सायकलने शाळेत जात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी व्हरांड्यात दिसले तर सायकलवरून उतरून नमस्कार करून पुढे जात. अशा माणसाला विचारायला काय हरकत आहे, म्हणून मी त्यांचा फॉर्म हातात घेऊन म्हटलं, "सर, नाइस म्हणजे काय हो?"

सर खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या मागे अकरा माणसं उभी होती.

"नाइस," सर म्हणाले, "म्हणजे मूर्ख."

रांग गप्प झाली. मीही.

"मूळ शब्द लॅटिन. नेस्कियस. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. ज्याला काही कळत नाही तो नेस्कियस. फ्रेंच लोकांनी त्याला घासून 'नाइस' केला आणि तेराशे सालाच्या आसपास तो इंग्रजीत आला तोच मुळी 'अडाणी, खुळा' हा अर्थ घेऊन. त्या काळी एखाद्याला नाइस म्हटलं असतं तर त्याने तलवार काढली असती."

मी घाईघाईने म्हटलं, "सर, आमची भाची एम.एस्सी. आहे."

"वा! मग तर गंमतच. 'सायन्स' हा शब्दही त्याच 'स्किरे'चा. म्हणजे तुमच्या भाचीच्या डिग्रीत 'जाणणे' आहे आणि पाहुण्यांच्या मेसेजमध्ये 'न जाणणे'. आणि बरं का, लॅटिनमधला तो 'ने' आणि आपला 'न' हे सख्खे भाऊ. एकाच घराण्यातले."

"म्हणजे नाइसमधलं पहिलं अक्षर..."

"नकाराचं," सर समाधानाने म्हणाले.

शिक्षक निवृत्त होतो म्हणजे त्याचा पगार बंद होतो, तास बंद होत नाही. पण रांगेतले लोकही हलेनात. तिसऱ्या नंबरवर उभे असलेले एक उसाचे बागायतदार पुढे वाकून म्हणाले, "गुर्जी, खुळा म्हंजे वाईट कशावरनं? आमच्यात चांगल्या बैलजोडीला 'नाद खुळा' म्हंत्यात की!"

सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं शेवटच्या बाकावरचा मुलगा अचानक बरोबर उत्तर देतो तेव्हा पाहतात. "शाबास! तेच तर झालं. खुळा माणूस कुणाला त्रास देत नाही. म्हणून तो भोळा. भोळा म्हणून लाजराबुजरा. लाजरा माणूस प्रत्येक गोष्टीत चोखंदळ होतो, हे नको, ते नको. मग चोखंदळ म्हणून काटेकोर. आजही इंग्रज वकील नाइस पॉइंट म्हणतो तेव्हा त्याला गोड मुद्दा म्हणायचं नसतं, सूक्ष्म मुद्दा म्हणायचं असतं. आणि काटेकोर गोष्ट नेटकी असते, नेटकी ती बघायला बरी वाटते, असं करत करत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वारी 'छान'वर येऊन बसली. मधल्या पायऱ्या मी आता सरळ रेषेत लावल्या. खरं तर दोनतीनशे वर्षं सगळे अर्थ एकमेकांच्या मांडीवर बसले होते. कुणी नाइस म्हटलं की ऐकणाऱ्याने मारायचं की आभार मानायचे हे तोंडाकडे बघून ठरवावं लागत असणार."

मी मनात म्हटलं, तीच तर आमची अडचण. मेसेजला तोंड नसतं.

आपल्याकडच्या लग्नाच्या बाजारात हे मी पाहिलेलं आहे. 'मुलगा साधा आहे' याचा अर्थ पगार बेताचा. 'मुलगी गरीब गाय आहे' म्हणजे सासूने निश्चिंत असावं. 'घरचे मोकळे आहेत' म्हणजे हुंडा मागत नाहीत, सोनं मागतात. भोळा, साधा, गरीब ही सगळी माणसं खुळ्यांच्या आळीतून निघून चांगल्यांच्या आळीत राहायला आलेली आहेत. जुना पत्ता कुणी विचारत नाही, एवढंच. आणि 'मस्त' तर फारसीत चक्क झिंगलेला. आपण आईच्या हातच्या आमटीला मस्त म्हणतो आणि आईला काही वाटत नाही.

सर आता रंगात आले होते. म्हणाले, "इंग्रजांना स्वतःलाच या नाइसचा कंटाळा आला होता. जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर अ‍ॅबी' म्हणून कादंबरी आहे. नायिका एका पुस्तकाला नाइस म्हणते, तर नायक तिची फिरकी घेतो. म्हणतो, हल्ली हवा नाइस, फिरणं नाइस, मुली नाइस, सगळ्यालाच नाइस. म्हणजे शब्द तेव्हाच गुळगुळीत झाला होता. पुस्तक बाहेर आलं १८१७ च्या डिसेंबरात, वर साल छापलं १८१८."

१८१८ म्हटल्यावर साताऱ्याच्या माणसाचे कान उभे राहतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमचा अजिंक्यतारा इंग्रजांच्या हातात गेला. म्हणजे तिकडे इंग्रजांच्या पोरीबाळी ज्या विशेषणाला विटल्या होत्या, ते इकडे तोफांच्या मागोमाग आमच्याकडे निघालं होतं. जुना माल वसाहतीत खपवायचा ही त्यांची पद्धतच होती.

"आणि याच्या नेमकं उलट झालं सिलीचं," सर म्हणाले. "सिली म्हणजे आज खुळचट. पण मुळात त्याचा अर्थ होता धन्य, देवाची कृपा झालेला. धन्य माणूस निष्पाप, निष्पाप तो बिचारा, बिचारा तो दुबळा, दुबळा तो खुळा. नाइस वर चढलं आणि सिली खाली उतरलं."

मला एकदम सातारा-सांगली आणि सांगली-सातारा या दोन एस.टी. दिसल्या. दोन्ही आपापल्या गावाहून सुटतात आणि कऱ्हाडला एकमेकींच्या शेजारी उभ्या राहतात. ड्रायव्हर चहा पितात. त्या पाच मिनिटांत जर कुणी घाईचा माणूस पाटी न बघता चढला, तर तो सांगलीच्या ऐवजी साताऱ्याला पोचतो. इंग्रजीच्या प्रवासात मध्येच कुठेतरी नाइस आणि सिली असेच कऱ्हाडच्या स्टँडवर शेजारी उभे राहिले असणार, दोघांच्याही पाटीवर 'भोळा' लिहिलेलं.

"आपल्याकडे नाही का," सर म्हणाले, "सम्राट अशोक स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवून घ्यायचा. शिलालेखांत कोरून ठेवलंय. देवांचा लाडका. आणि पुढे आमच्या संस्कृत वैयाकरणांनी त्याचा अर्थ लावला, मूर्ख. एवढं मोठं साम्राज्य, पण पदवीचं काय झालं बघा. आणि 'शहाणा' घ्या. 'फार शहाणा आहेस' असं वडील म्हणाले तर मुलगा आभार मानतो का?"

हा प्रश्न बहुधा संपूर्ण रांगेला होता, पण तेवढ्यात मॅनेजर साहेब केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तीत नाइसचा कुठलाच अर्थ नव्हता. मी सरांना हयात ठरवलं, शिक्का मारला आणि पुढचा फॉर्म घेतला.

जेवणाच्या सुट्टीत मी ताईला फोन केला. विषय मोठा होता आणि सुट्टी अर्ध्या तासाची, म्हणून मुळापासूनच सुरुवात केली. "ताई, पक्का अर्थ मिळाला. नाइस म्हणजे मूळचा मूर्ख..."

फोन बंद झाला.

दोन मिनिटांनी दाजींचा आला. "तुम्ही हिला काय सांगितलंत? ही देवघरात जाऊन बसलीय."

मी म्हटलं, "दाजी, ती पहिली पायरी झाली. पुढे भोळी आहे, लाजरी आहे, चोखंदळ आहे, काटेकोर आहे आणि शेवटी छान आहे."

दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पाहुणे नेमके कुठल्या पायरीवर थांबलेत?"

हिशेबी माणसाचा प्रश्न बिनतोड असतो. शुक्रवार याच प्रश्नात गेला. दाजींनी ओळखीतून मुलाच्या वडिलांचं शिक्षण कुठल्या माध्यमात झालं याची चौकशी केली. (मराठी.) ताईने मुलाच्या आईला सहज म्हणून फोन केला आणि वीस मिनिटं आवळ्याच्या मोरंब्यावर बोलून ठेवला. आपल्याकडे मुख्य गोष्ट विचारायची नसते. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटकाचा पाया घातला, त्या सांगलीत आजही स्वयंवराच्या वेळी सगळे नाटकच करतात. रामाचं बरं होतं. धनुष्य मोडलं की काम झालं. जनकाला 'नाइस' म्हणून कळवून आठ दिवस ताटकळत ठेवायची सोय नव्हती.

शनिवारी संध्याकाळी भाची लॅबमधून आली, चप्पल काढली आणि आईबापांदेखत तिने सरळ मुलाला फोन लावला. ताईने कानावर हात ठेवले, पण बोटं थोडी फाकलेली होती, म्हणून पुढचं सगळं मला तिच्याकडूनच कळलं.

"तुमच्या बाबांनी 'नाइस' लिहिलंय," भाची म्हणाली, "ते वाचून इकडे माझी आई जेवत नाही. नाइस म्हणजे काय?"

मुलगा आधी गडबडला. मग म्हणाला की बाबा सगळ्यालाच नाइस म्हणतात. नव्या मिक्सरलाही म्हणाले होते. पण या खेपेला त्यांनी तो शब्द मुद्दाम निवडला होता. आधी त्यांनी 'मुलगी चांगली आहे' असंच लिहिलं होतं आणि खोडलं होतं. कारण याआधी तीन ठिकाणांहून त्यांना कळवलं गेलं होतं, 'मुलगा चांगला आहे, पण पुण्यात नाही.' एका ठिकाणी तर 'छान आहे, पण शेती नाही' आणि लगेच पुढे 'असली तरी करू नका' असंही होतं. तेव्हापासून त्या गृहस्थांना 'चांगला' आणि 'छान' हे शब्द बघवत नव्हते. मराठीतलं विशेषण लिहिलं तर वाचणारा मागचा 'पण' शोधत बसेल, म्हणून त्यांनी इंग्रजी लिहिलं. आणि लिहून झाल्यावर, मुलीकडून उत्तर येईल म्हणून गुरुवारपासून तेही फोन उशाशी घेऊन झोपत होते. त्यांच्या घरीही एक देवघर होतं.

हे ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. भाचीच्या नाही आलं. तिने विचारलं, "बाबांचं कळलं. तुमचं काय? पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?"

"पॉझिटिव्ह," मुलगा म्हणाला.

"सॅम्पल पुन्हा तपासायला लागेल. उद्या सांगलीला या. एकटे या."

रविवारी तो सकाळच्या एस.टी.ने आला. कऱ्हाडला बरोबर गाडीत बसला, हे मला विशेष वाटतं. दोघं आयर्विन पुलावर दीड तास उभी होती. १९२९ सालचा तो पूल, त्याने महापूर पाहिलेत. ही दीड तासाची भानगड त्याला काही जड नव्हती. काय बोलणं झालं ते भाचीने कुणाला सांगितलं नाही. घरी आली आणि आईला म्हणाली, "लॉनवाल्याला फोन कर." ताईने विचारलं, "अगं, पण मुलगा कसा वाटला?" भाची म्हणाली, "बरा आहे." तेव्हा सासर साताऱ्याचं, याबद्दल मला शंका उरली नाही.

सोमवारी दाजी आणि ताई पहिल्या गाडीने माझ्या शाखेत हजर. दाजींनी सही केली. मी ठेव मोडली, पन्नास हजार लॉनवाल्याच्या खात्यात पाठवले आणि उरलेले ताईच्या बचत खात्यात टाकले. ताईने पासबुक घेतलं, चष्मा लावला आणि व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे कमी कसं?"

"एक टक्का कापला ताई. मुदतीआधी मोडलीस ना."

"भावाच्या बँकेतसुद्धा? मुलीच्या लग्नाला मोडलीय हे सांगितलंस का त्यांना? तुमच्या बँकेला जरा नाइस नाही का होता येत?"

मी तिला कॉम्प्युटरचा पडदा वळवून दाखवला. बँक नाइस होतीच. सरांच्या पाचव्या पायरीवरची, काटेकोर. पैशापर्यंत हिशेब करून कापलं होतं.